दरीत उतरताना
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०१९ सालच्या मे महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या तळापर्यंत पाठीवर बोजा घेऊन उतरलो होतो. त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी आपल्या कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही काही गिर्यारोहक नव्हे. नोकरीत असताना वर्षाकाठी सह्याद्रीतला एखादा गड चढायचा, एवढीच आमची पुंजी. पण त्या पुंजीनेच आम्हांस तेथे फसवले असते, म्हणून सांगणे इष्ट वाटते.

आपला गड आधी चढावा लागतो. दम लागला, की मनुष्य मागे फिरतो आणि उतार त्याला घरी आणून सोडतो. कॅन्यनमध्ये सारेच उलटे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी तुम्ही खाली जाता, आणि थकवा कळतो तेव्हा तुम्ही तळाशी असता. माथ्यापेक्षा तळ अकरा-बारा अंशांनी अधिक तापलेला असतो, आणि चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचा काळा खडक १७० कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्यांच्यापुढे पोरच! दरीतल्या शिखरांना पौर्वात्य नावे देण्याची प्रथा १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने पाडली. त्यामुळे तेथे एका शिखराचे नाव ‘बुद्ध टेंपल’ असे आहे. विहार नाही, लेणे नाही, नुसता खडक. तरी नकाशावर ते नाव वाचून आम्हांस बरे वाटले, हे कबूल करतो.

तळाशी मुक्काम करायचा तर परवाना लागतो. आम्ही चार महिने आधी अर्ज केला होता. एका दिवसात पळत जाऊन परत येणाऱ्याला मात्र परवाना लागत नाही. उद्यानाचे अधिकारी तसे करू नका म्हणून पाट्या लावतात, तरीही पळणारे पुष्कळ. एका काठावरून दुसऱ्या काठावर आणि पुन्हा परत, असे सुमारे ६८ किलोमीटर अंतर २०१६ साली जिम वॉल्मस्ली या धावपटूने ५ तास ५५ मिनिटांत कापले. हे नाव आमच्या भाच्याच्या तोंडी सारखे असे. तो फीनिक्सला नोकरीस. दोन मॅरेथॉन पळालेला. आम्ही मुक्कामाला जाणार आणि तो त्याच दिवशी पळत उतरून पळत वर जाणार, असे ठरले.

पहाटे पाचला आम्ही साउथ कायबॅब या वाटेने निघालो. नदीपर्यंत ११ किलोमीटर, सुमारे १,४५० मीटरचा उतार. वाटेत पाण्याचा थेंब नाही. खेचरांचा तांडा आला, की कड्याच्या बाजूला न जाता डोंगराकडच्या बाजूला उभे राहायचे. भाचा मागून निघाला आणि हात हलवत आमच्या पुढे गेला. त्याच्या कमरेला दोन बाटल्या, आमच्या पाठीवर बारा-बारा किलो. आम्हांला तर त्याचा हेवाच वाटला.

साडेदहाला तळाशी पोहोचलो, तर हा ओढ्याकाठी डोके धरून बसलेला. ओकारी झालेली, बोटे सुजून अंगठी रुतलेली. म्हणाला, “मामा, पाच लिटर पाणी प्यालोय, तरी असं का होतंय?” आम्ही लगेच आणखी पाण्याची बाटली पुढे केली. उन्हात मनुष्य आजारी पडला की पाणी द्यावे, एवढेच आम्हांस ठाऊक.

तेथील रेंजर बाईंनी ती बाटली बाजूला ठेवली. पाणी किती प्यालास, हे त्यांनी विचारलेच नाही. खाल्लेस काय, आणि लघवीला कितीदा गेलास, हे विचारले. खाल्ले होते एक एनर्जी बार. घामातून मीठ गेलेले, वरून नुसते पाणी ओतलेले, त्यामुळे रक्तातले सोडियम पातळ झालेले. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. अशा वेळी आणखी पाणी पाजले, तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. लक्षणे वरवर पाहता पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून धोका अधिक. त्यांनी त्याला सावलीत निजवले आणि खारी बिस्किटे थोडी थोडी खायला लावली. मामींच्या पिशवीतले खारे शेंगदाणेही त्यांनी तपासून मंजूर केले.

चार वाजता पोरगा उठून बसला आणि म्हणू लागला, “मी आता एकटा निघतो, उद्या ड्युटी आहे.” खरी परीक्षा येथे होती. तो तिशीचा, आम्ही साठीचे. त्याला अडवायचे कसे? तेव्हा रेंजर बाईंनी एक हकीकत सांगितली. २००४ च्या जुलैमध्ये मॅरेथॉन पळणारी एक तरुण विद्यार्थिनी सोबत्यासह या दरीत पळायला आली. पंधरा मैल समजलेली वाट निघाली सत्तावीस मैलांची. तिच्याजवळ पाणी होते दीड लिटर. सोबती थकून थांबला, ती एकटी पुढे गेली आणि परत आली नाही. भाचा काही बोलला नाही. बुटाची नाडी सोडू लागला.

रात्री तिघांत दोन पांघरुणे. पहाटे चारला विजेऱ्या लावून ब्राइट एंजल वाटेने निघालो. १५ किलोमीटर, सुमारे १,३३० मीटर चढ. चाल मामींची. तासाला दहा मिनिटे पाय वर करून बसायचे, पाण्याबरोबर काहीतरी खारट खायचे. अर्ध्या वाटेवर झाडी आणि पाणी असलेली एक जागा आहे. हवासुपाई लोक तेथे शेती करीत. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२८ साली त्यांच्यातला शेवटचा रहिवासीही तेथून घालवला गेला. आम्ही गेलो तेव्हा जागेचे नाव होते ‘इंडियन गार्डन’. २०२२ साली ते ‘हवासुपाई गार्डन्स’ झाले. नाव परत मिळाले, जमीन नाही. आम्ही तेथे अर्धा तास बसलो, त्यांनी लावलेल्या पाण्याच्या वाटा कुठे असतील ते पाहत.

आपल्यापैकी कोणी जाणार असल्यास, आधी उद्यानाकडे चौकशी करावी. २०२५ च्या जुलैमध्ये उत्तर काठावर मोठा वणवा लागून तेथील जुने विश्रामगृह जळाले आणि त्या बाजूची वाट बंद करावी लागली.

माथ्याजवळ आलो तेव्हा दहा वाजले होते. ऊन चढले होते आणि चपला घालून, हातात अर्ध्या लिटरची एकेक बाटली घेऊन तिघे जण खाली निघाले होते. भाच्याने त्यांना अडवले आणि खायला काय घेतलेय, असे विचारले. दोघे हसून पुढे गेले. तिसरी बाई थांबली आणि आपली पिशवी उघडून त्याला दाखवू लागली.