आमचा संघ कोणता?

१९३४ साली रणजी करंडक सुरू झाला तेव्हा सामने विभागवार खेळले जात. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, वेस्टर्न इंडिया आणि सिंध. १९३६-३७ मध्ये नवानगर आलं आणि पहिल्याच फटक्यात करंडक घेऊन गेलं. मग बडोदा आलं. फाळणीनंतर सिंध गेलं. संस्थानं विलीन झाली आणि १९५० पासून काठेवाडच्या संघांच्या जागी सौराष्ट्र खेळू लागलं. नागपूर महाराष्ट्रात आलं, पण विदर्भाचा संघ मध्य विभागातच राहिला. म्हणून आजही आपल्या एका राज्याचे रणजीत तीन संघ आहेत.

आमच्या धाराशिवचं काय? जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचा संघ दक्षिण विभागात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. गाव जागेवरच राहिलं, आम्ही मात्र दक्षिणेतून पश्चिमेत आलो!

माझ्या आजोबांना हे कधी पटलं नाही. त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. १९३७-३८ च्या अंतिम सामन्यात हैदराबादनं नवानगरला एका गड्यानं हरवलं, ती गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. वडील म्हणत, "अण्णा, आता आपला संघ महाराष्ट्र!" आजोबा नुसते हसत. १९८७ मध्ये हैदराबादनं दुसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या दिवशी त्यांनी स्वतः वाण्याकडून पेढे आणले. वडिलांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. बापलेकांत दोन दिवस अबोला होता.

महाराष्ट्रानं १९४० आणि १९४१ असा लागोपाठ करंडक जिंकला होता. पुढच्या विजयाची वाट बघण्यात वडिलांचं आयुष्य गेलं. २००२ मध्ये विभागवार साखळी बंद होऊन एलिट आणि प्लेट गट आले, तेव्हा ते म्हणाले, "चला, अण्णांशी भांडायचं कारणच संपलं."

२०१४ साली महाराष्ट्र अंतिम फेरीत पोचला. सामना होता हैदराबादला. कर्नाटकानं आपल्याला हरवलं. टीव्ही बंद करून वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अण्णा असते, तर आज पेढा मागितला असता मी."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)