पट्टीवरचा लाल रंग

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की मालेगाव तालुक्यात मेडशी लागतं. तिथे काय किंवा राज्यात कुठेही काय, तीव्र कुपोषण ओळखायला अंगणवाडी सेविकेची एक पट्टी फार कामी येते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या डाव्या दंडाला मधोमध ती गुंडाळायची, आवळायची मात्र नाही. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, की लाल रंग. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का, तेही बघायचं. सुजेमुळे आजारी बाळ गुटगुटीत भासतं आणि घरचे निर्धास्त राहतात.

अशा बाळाचं वरणाच्या पाण्यावर भागत नाही. पोट इवलंसं, गरज मोठी. म्हणून १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये शेंगदाणा, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचं घट्ट मिश्रण तयार झालं. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी! खरी हुशारी अशी, की त्यात पाणी जवळपास नाहीच. त्यामुळे जंतू सहसा वाढत नाहीत, शिजवायचीही गरज नाही.

मुंबईत शीव रुग्णालयाने असाच औषधी आहार धारावीतल्या केंद्रात बनवायला घेतला. शेंगदाणा तर आपलाच. आयात पुडीची महागाई कशाला?

घरचा दाण्याचा लाडू चांगलाच, पण त्यात खनिजांचं ते मोजमाप नसतं. औषधी आहार सुरू असताना अंगावरचं दूध तोडू नये, स्वच्छ पाणी पाजत राहावं. बाळ खातच नसेल, ताप किंवा सूज असेल, तर गावात वाट न बघता पोषण पुनर्वसन केंद्र गाठावं.