फोन घरचा असला तरी प्रश्न आपला असतो
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



आज बचत-व्याजाचा विषय नाही. आज मोबाईलमधल्या ब्राउझरबद्दल बोलू. ब्राउझर म्हणजे ज्या ॲपमधून आपण इंटरनेटवर काही शोधतो, सातबारा बघतो, मुलीचा निकाल बघतो ते. आपल्या बहुतेकींच्या फोनमध्ये क्रोम आहे. ते फोनसोबतच येतं, म्हणून आपण तेच वापरतो. पण दुसरेही ब्राउझर आहेत, फुकट आहेत, आणि कोणता ठेवायचा हे आपण ठरवू शकतो.

हा विषय का घेतला? गटांच्या बैठका संपल्या की बायका बाजूला घेऊन विचारतात, "मॅडम, गूगलवर विचारलं तर कुणाला कळतं का?" अंगावरून जातंय, पाळी थांबत नाही, मूल राहत नाही, कर्ज फिटत नाही, घरात मारहाण होते. जे शेजारणीला विचारता येत नाही, ते बाई फोनला विचारते. आणि फोन तिच्या एकटीचा नसतो. संध्याकाळी मुलाच्या हातात, रात्री घरधन्याच्या.

म्हणजे आपल्यावर नजर दोघांची असते. एक घरातल्यांची, दुसरी बाहेरच्यांची.

घरातल्यांची नजर म्हणजे हिस्ट्री. आपण काय शोधलं, त्याची यादी फोनमध्ये राहते. ती कुणीही उघडून बघू शकतं.

बाहेरच्यांची नजर दिसत नाही. समजा, तुम्ही आठवडी बाजारात गेलात आणि एक माणूस वही घेऊन तुमच्या मागे मागे चालला. कुठल्या दुकानी थांबलात, काय हातात घेतलं, किती वेळ बघितलं, सगळं लिहून घेतो. इंटरनेटवर असं लिहिणाऱ्याला ट्रॅकर म्हणतात. एका वेबसाइटवर अनेक कंपन्यांचे ट्रॅकर असू शकतात. म्हणून आज कर्जाबद्दल शोधलं की उद्यापासून झटपट कर्जाच्या जाहिराती मागे लागतात. बाई अडचणीत असतानाच तिच्यासमोर महागडं कर्ज येऊन उभं राहतं. गटाचं कर्ज सोडून ती तिकडे वळली, तर नुकसान तिचंच.

काही जणी म्हणतील, आम्ही काय चोरी करतो का, लपवायचं कशाला? तायांनो, आपण गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवतो. ते काय एकमेकींवर संशय म्हणून? नाही, ती पद्धत आहे. हीसुद्धा तशीच पद्धत समजा.

आता कोणता ब्राउझर कशाला, ते सांगते. सगळे प्ले स्टोअरवर मिळतात.

फोन एकटीचा असेल तर ब्रेव्ह किंवा फायरफॉक्स. ब्रेव्ह बहुतेक जाहिराती आणि ट्रॅकर स्वतःच अडवतो, आपल्याला काही करावं लागत नाही. जाहिराती उतरत नाहीत म्हणून नेटही कमी खर्च होतं. फायरफॉक्स मोझिला या ना-नफा संस्थेच्या कंपनीचा आहे. तोही ट्रॅकर अडवतो, पण जाहिराती थांबवायला त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे जोड-ॲप टाकावं लागतं.

फोन घरात सगळ्यांचा असेल तर फायरफॉक्स फोकस किंवा डकडकगो. यांत पुसायचं एक बटण असतं. फोकसमध्ये कचरापेटीचं, डकडकगोमध्ये ज्वाळेचं. काम झालं की बटण दाबा, शोधलेलं पुसलं जातं.

नवीन काहीच घ्यायचं नसेल तर क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर जाऊन इनकॉग्निटो उघडा. त्यात शोधलेलं हिस्ट्रीत राहत नाही, बाकीची हिस्ट्री जशीच्या तशी दिसते. सगळी यादी एकदम कोरी दिसली तर घरात प्रश्न होतात, तेव्हा ही सोय कामाची. मात्र शोध संपल्यावर तो टॅब बंद करा. आणि ही सोय घरातल्या नजरेपुरतीच आहे, हे लक्षात ठेवा. वेबसाइटला आपण दिसतोच. यावरूनच अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा झाला, आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने गोळा केलेल्या नोंदी पुसायचं मान्य केलं.

कुठलाही ब्राउझर घेतला तरी काही गोष्टी तो करत नाही. सिमकार्डाच्या कंपनीला आपण कुठल्या साइटवर गेलो ते कळू शकतं. व्हॉट्सॲप, यूट्यूब ही ॲप वेगळी, तिथे ब्राउझरचं काही चालत नाही. आणि आपणच ओटीपी सांगितला तर कुठलाच ब्राउझर वाचवत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. मारहाणीच्या प्रसंगी महिला हेल्पलाइन १८१ आहे. कॉलच्या यादीत तो नंबर राहतो, तोही पुसा.

कधी एखादी सरकारी साइट नव्या ब्राउझरमध्ये नीट उघडत नाही. घाबरू नका. ब्रेव्हमध्ये पत्त्याजवळचं सिंहाचं चिन्ह, फायरफॉक्समध्ये ढालीचं चिन्ह दाबून त्या साइटपुरती अडवणूक बंद करता येते.

पुढच्या बैठकीआधी तीन कामं करा. एक, यातला एक ब्राउझर घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'डीफॉल्ट ॲप'मध्ये जाऊन तोच निवडा, म्हणजे लिंक दाबल्यावर तोच उघडेल. दोन, एखादी साइट 'नोटिफिकेशन पाठवू का' असं विचारते, तेव्हा नाही म्हणा. फोनवर सारख्या टपकणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा त्या एका 'हो'मुळे येतात. तीन, ज्या फोनवर गटाचे व्यवहार होतात, त्यात बँकेचा पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगू नका, विशेषतः तो फोन घरात फिरत असेल तर.

एकीला जमलं की तिने दुसरीला शिकवायचं. अडलं तर गटाच्या बैठकीत फोन घेऊन या, मिळून बघू. कुणाला काय विचारायचं आणि कुणाला काय सांगायचं, हे बाईने स्वतः ठरवलं पाहिजे.