विद्यार्थ्याने राहावे कोठे?
(मुलुंड येथे पालकांच्या सभेत केलेले भाषण)



मुलाला कॉलेजात घालताना आपण फी विचारतो, पुस्तके विचारतो. तो राहणार कोठे, हे मात्र शेवटी विचारतो. आमच्या मते तो प्रश्न आधी विचारला पाहिजे. विद्यार्थी जेथे राहतो, तेथूनच तो विद्यापीठाकडे पाहतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच त्याचे मूळ काम. ती छाप अजून पुरती पुसलेली नाही. बोरिवलीचा मुलगा पहाटे डबा घेऊन लोकल गाठतो, तास संपताच परत फिरतो. कॉलेज म्हणजे मार्कशीट मिळण्याची खिडकी, असे त्याला वाटले तर दोष कोणाचा? उलट पवईची आय. आय. टी. पाहा. ती १९५८ साली निघाली. तेथे विद्यार्थी आवारातच राहतात. रात्री अडलेले गणित शेजारच्या खोलीत सुटते.

हे मर्म शाहू छत्रपतींनी ओळखले होते. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा होती, पण पाठ टेकायला जागा नव्हती. म्हणून १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघाले. मागाहून लिंगायत, मुसलमान, शिंपी, अस्पृश्य अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील तेथेच जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसली, हातांनी कामे करून शिकली.

आता घरची गोष्ट. आम्ही स्वतः घाटकोपरला मामांच्या एका खोलीत राहून शिकलो. मामांनी जीव लावला. पण दहाला दिवा मालवे, आणि पाणी भरणे, दळण आणणे चुकत नसे. चार वर्षांत कॉलेजातला एकही शिक्षक आम्हांस नावाने ओळखीत नव्हता. पदवी मिळाली, विद्यापीठ मिळाले नाही! मुलींचे हाल याहून अधिक. मुलाला होस्टेल आणि मुलीला 'घरून जाऊन ये', हा कोठला न्याय?

वसतिगृह म्हणजे स्वर्ग नव्हे. तेथे उनाडक्या होतात, जातीची टोळकीही जमतात. घरून जाणे ज्यास भागच आहे, त्याने तास संपल्यावर दोन तास ग्रंथालयात बसावे; आईबापांनी 'उशीर का?' म्हणून ओरडू नये. बाकीच्यांनी सरकारी वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरावा. अनुसूचित जातीच्या मुलास तेथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. नियम व अटी कॉलेजच्या कचेरीत विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

शेतकरी बी टाकण्याआधी जमीन पाहतो. लेकरांच्या बाबतीत तेवढेच करा, इतकीच आमची विनंती.