पांढरीची माती उचलण्यापूर्वी



पांढरीच्या टेकाडाची माती शेतात टाकण्याची आपली जुनी पद्धत आहे. राख, शेण व हाडांमुळे त्या मातीत स्फुरद भरपूर असते. परंतु शिरूर तालुक्यातील इनामगावची पांढरी पाहा. घोड नदीकाठी इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील वस्त्यांचे थर तेथे एकावर एक साचले. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केले, तेव्हा जळके सातूचे दाणे व पाण्याचा पाट सापडला. पुढे चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे झाल्याची ही खूण मानतात. थर विस्कटले की हा हिशेब कायमचा बुडतो. म्हणून टेकाड खणू नका. शेताला शेणखत, कंपोस्ट द्या; जुनी खापरे दिसल्यास पुरातत्त्व विभागाला कळवा.