पंग्वंधन्याय आणि अडखळणारे पाऊल

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)

आम्ही पडलो सरकारी नोकर, पदवीने बी. ए.; यंत्रशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या काशीत अहिल्याबाईंच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या नावांचे घाट आहेत, त्याच काशीत घाटाच्या पायऱ्या आमच्या थोरल्या बंधूंना अर्धांगवायूमुळे दुर्लंघ्य झाल्या आहेत. त्यांच्यामुळेच आम्ही या विषयाकडे वळलो.

अर्धांगवायूत पायाचा स्नायू मरत नाही. मेंदूची आज्ञा त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पाऊल लोंबते, बोटे जमिनीला घासतात. १९६१ साली अमेरिकेत डॉ. लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. टाचेखाली कळ बसवावयाची; टाच उचलताच गुडघ्याखालच्या मज्जातंतूला विजेचे सूक्ष्म झटके मिळत आणि पाऊल वर येई. मात्र मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत असेल तरच हे साधते. पोलिओने ती वाट उद्ध्वस्त केली असेल तर उपयोग नाही.

दुसरी अडचण थकव्याची. मेंदू स्नायूतील तंतूंना आळीपाळीने राबवितो. बाहेरची वीज तेच ते तंतू एकदम जुंपते, म्हणून स्नायू लवकर गळतो. उलट पायांना बाहेरून बांधावयाचा मोटारींचा सांगाडा, ज्याला एक्सोस्केलेटन म्हणतात, तो थकत नाही. पण तो वजनदार, आणि सारे काम त्यानेच केले तर स्नायू निजूनच राहतो.

येथे सांख्यांचा पंग्वंधन्याय आठवतो. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला आणि दोघेही मुक्कामी पोहोचले. संशोधक आज अशीच जोडी जमवीत आहेत. वीज स्नायूला कामाला लावते. तो थकू लागला की मोटार उरलेला भार उचलते. स्नायू राबता राहतो, मोटारीवरचा भार हलका होतो. कोणी किती भार घ्यावा, हे पावलागणिक ठरविणे मात्र अवघड. म्हणून ही संयुक्त साधने अद्याप बहुतांशी प्रयोगशाळांतच आहेत.

पक्षाघातानंतरचे पहिले महिने व्यायामोपचारास फार मोलाचे असतात. आमच्या घरी ते ‘नशिबाचे भोग’ म्हणण्यात गेले. दोष आमचाच. मंडळाच्या कुटुंबांत पुन्हा असे घडू नये, एवढीच विनंती.

गेल्या कार्तिकात मंडळाच्या चार तरुणांनी बंधूंना खुर्चीसह घाट उतरवून गंगेपाशी नेले. यंत्र येईल तेव्हा येवो; तोवर हे खांदे आहेत.