शेळीसाठी दिलेलं कर्ज

आम्ही बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. दर खेपेला इथं गावाचं आणि गटाचं नाव आधी सांगतात. आज आम्हीच म्हटलं, दोन्ही नावं नकोत. ज्या पोरीबद्दल बोलायचंय ती आमच्या गल्लीतच राहते, आणि गावानं तिच्याबद्दल बोलायचं तेवढं बोलून घेतलंय. आम्ही आज बोलणार आहोत ते जास्त करून आमच्याबद्दल.

तीन वर्षांमागची गोष्ट. श्रावण सरत आला होता. आमच्यातल्या एकीनं गटातून १५ हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर म्हणाली शेळी घ्यायचीय. सगळ्या गप्प बसलो. शेळी-बिळी काही नाही, पोरीचं उरकायचंय, हे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पोरगी दहावीत होती, सोळावं सरलं नव्हतं. सचिव बाईनं वहीत कारण लिहिलं 'शेळी', आणि आम्ही खाली सह्या केल्या. आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या देवळात, दिवे लागणीला, लग्न लागलं. मुहूर्त नाही, पत्रिका नाही, वाजंत्री नाही. आम्ही गेलो, बुंदी खाल्ली, पातेल्याचा आहेर केला आणि घरी आलो.

एवढी घाई का, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पण हे बोलणं दुसरीकडच्या बायाही ऐकतात, म्हणून सांगतो. आमच्याकडची निम्मी घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ती पट्टा पडला की, म्हणजे कारखाना बंद झाला की, उन्हाळ्यात परत येतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याचा अर्धाच कोयता. म्हणजे घरातल्या पोराचं दसऱ्याआधी लग्न झालं की घरात एक अख्खा कोयता वाढतो आणि उचलही वाढते. हे झालं पोराकडचं. पोरीकडचं दुखणं वेगळं. आई-बाप सहा महिने बाहेर, मागं वयात आलेली पोरगी आणि डोळ्यानं अधू झालेली आजी. पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः ती घेऊन जगलोय.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या शंभर बायांत जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्या बीडमध्ये हा आकडा चाळिसाच्या वर आहे. शहरातल्या बाईनं आम्हाला हा आकडा सांगितला तेव्हा ती हळहळली. आम्हाला मात्र वाटलं, एवढाच?

तर ती पोरगी दसरा झाल्यावर नवऱ्याबरोबर टोळीत गेली. पहाटे उठायचं, कोपीत भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात. दिवसभर वाढं छाटायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची, आणि ट्रॅक्टर रात्री आला तर रात्री भरायची. पाळी चुकली ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा सांगायचं कुणाला? एक दिवस बसलं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पट्टा पडून घरी आली तेव्हा पोट दिसायला लागलं होतं.

आता आमची दुसरी चूक. आमच्या गटात एक आशाताई आहे. गरोदर बाईची नोंद लवकरात लवकर, पहिल्या तीन महिन्यांत व्हायला पाहिजे, हे ती आम्हालाच शिकवते. पण सासरच्यांनी तिला हात जोडले. नोंद केली तर वय विचारतील, वय कळलं तर केस होईल, पोरगा आत जाईल. आशाताईनं आम्हाला विचारलं. आम्ही म्हटलं, राहू दे, कशाला कुणाचं घर मोडायचं. म्हणून त्या पोरीचं ना वजन झालं, ना रक्त तपासलं, ना बीपी बघितलं. दवाखान्यात गेली असती तर बाकीच्यांना मिळतात त्या लाल गोळ्या तिलाही मिळाल्या असत्या. आम्ही घर वाचवत होतो म्हणे.

आठव्या महिन्यात एका रात्री ती डोकं धरून बसली. डोळ्यापुढं अंधारी येतेय म्हणाली. पाय, तोंड आठ दिवसांपासून सुजलेलं होतं. सासूला वाटलं, गरोदर बाईचं असतंच तसं. मग झटके आले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, लिंबू आणा. आशाताईनं कुणाला न विचारता १०८ ला फोन लावला. तिनं त्या रात्री केलं ते आम्ही सगळ्यांनी चार महिने आधी करायला पाहिजे होतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या अंगात रक्त निघालं सहा ग्रॅम. बाळ काढलं, एक किलो सहाशे. ते बावीस दिवस काचेच्या पेटीत होतं. तिला रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. दोघं वाचली. 'वाचली' हा शब्द आम्ही जपून वापरतोय, कारण मूल दोन वर्षांचं व्हायला आलं तेव्हा कुठं नीट चालायला लागलं, आणि तिला अजून उन्हात गेलं की चक्कर येते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाकावर बसवून समजावलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचं स्वतःचं हाड अजून वाढत असतं, कंबरेचा सांगाडा पुरता रुंद झालेला नसतो, त्यामुळं बाळ अडकायची भीती. त्यात आमच्याकडच्या पोरींना रक्त आधीच कमी. एकाच ताटातलं पोरीनं खायचं आणि पोटातल्यानंही, म्हणून बाळ कमी वजनाचं. बीपी वाढून झटके येण्याचा धोका या वयात मोठ्या बाईपेक्षा जास्त. डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी, चेहऱ्याला सूज, छातीखाली पोटात कळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात ती पोरी खिडकीतून फेकतात, मळमळतं म्हणून. ती जेवल्यावर घ्यायची असते. ही एवढीशी गोष्ट आम्हाला त्या बाकावर कळली.

घरी आल्यावर एक म्हातारी म्हणालीच, "आमचं तेराव्या वर्षी झालं, काय बिघडलं?" हे तुमच्याही गावात कुणी ना कुणी म्हणतंच. आम्ही पुढच्या बैठकीत ठरवलं, खरंच बघू काय बिघडलं ते. हिशेबाची वही मिटली आणि आळीपाळीनं बोललो. अकरा जणींत नऊ जणींचं लग्न अठराच्या आत. त्यांतल्या चौघींचं पहिलं मूल नाही राहिलं. दोघींचं अंग बाहेर येतं. त्यांनी हे आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिघींची पिशवी पस्तिशीच्या आत काढलेली. शाळा सगळ्यांचीच सुटली, ती तर आम्ही मोजलीही नाही. त्या संध्याकाळी चहा तसाच राहिला. म्हातारी शेवटी बोलली, तिची दोन गेली होती. आम्हाला शेजारी राहून माहीत नव्हतं.

आता कायद्याचं. यात घोळ करून उपयोग नाही, म्हणून सरळ सांगतो. पोरीचं १८ आणि पोराचं २१ पुरं व्हायच्या आत लग्न लावलं तर २००६ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणारा भटजी, ठरवणारे, आनंदानं हजर राहणारे, सगळे त्यात येतात. म्हणजे बुंदी खाणारे आम्हीही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्न व्हायच्या आधी त्याला किंवा १०९८ ला कळवलं तर ते थांबवता येतं. झालेलं लग्न ती पोरगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टातून रद्द करून घेऊ शकते. त्या लग्नातलं मूल मात्र कायद्यानं औरसच राहतं, त्याला कुणी काही म्हणू शकत नाही.

आणि हो, अठराच्या आतली पोरगी गरोदर म्हणून दवाखान्यात गेली तर पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, लग्न झालेलं असो वा नसो. हे आम्ही लपवणार नाही. आमच्याकडेही पोलीस आले, जबाब झाले, खटला चालू आहे, त्यामुळं त्याबद्दल जास्त बोलत नाही. पण या भीतीनं दवाखाना चुकवला की काय होतं ते तुम्ही आत्ता ऐकलंत. उपचार नाकारता येत नाहीत, सरकारी असो की खासगी. आणि मूल नकोच असेल तर तीही वाट कायद्यात आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि अल्पवयीन पोरीच्या बाबतीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं, पालकाची लेखी संमती घेऊन, गर्भपात करता येतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं की पोरीनं आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन पोरीचं नाव-गाव डॉक्टरांनी पोलिसांना द्यायची गरज नाही. म्हणून वैदूचा पाला नको, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या नकोत. दिवस मोजा आणि दवाखाना गाठा.

सगळ्याच पोरी लग्न होऊन गरोदर राहतात असंही नाही. कुणी फसवलेली असते, कुणावर जबरदस्ती झालेली असते, कुणाचं वय वेडं असतं. मग घरचे काय करतात? घाईनं तिसऱ्याच कुणाशी तरी उरकून टाकतात, नाहीतर पोरीला मामाकडं पाठवतात. पोरगा मात्र पारावर बसून मोबाइल बघत असतो. पोरीच्या आईला गाव नावं ठेवतं, पोराच्या आईला कुणी विचारत नाही. आम्ही पोरांच्याही आया आहोत ना? पाळीबद्दल पोरीशी बोलायला आम्ही कशाबशा शिकलो. पोराला समोर बसवून, बाबा रे, पोरगी नाही म्हणाली की नाही, आणि अठराच्या आतली हो म्हणाली तरी कायदा ते हो धरत नाही, एवढं बोलायला आमच्यातल्या फक्त तिघींची जीभ रेटली आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात असल्या अडलेल्या बायांसाठी घर उघडलं, तिथं जन्मलेलं मूल स्वतः दत्तक घेतलं, तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. आम्ही ३ जानेवारीला फोटोला हार घालतो आणि शेजारची पोरगी दार लावून बसते.

बाळंतपणानंतर सासू म्हणाली, एवढंसं लेकरू आहे, हे काय जगायचं, पुढच्या वर्षी दुसरं होऊ द्या. यावेळी आम्ही गप्प बसलो नाही. चौघी जणी तिच्या घरी गेलो. आरोग्य केंद्रात तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन फुकट मिळतं, निरोध फुकट मिळतो, तांबी बसवून मिळते; कुठलं चालेल ते तिथले डॉक्टर तपासून सांगतात. सासू दोन महिने आमच्याशी बोलली नाही. पोरीला अजून दुसरं मूल नाही.

गटात ठराव केला. लग्नासाठी कर्ज पाहिजे तर पोराचा-पोरीचा शाळेचा दाखला वहीला लावायचा; आधार कार्ड चालणार नाही, त्यावरचं वय आमच्यासमोर बदललेलं आम्ही बघितलंय. पोरीच्या शिक्षणाला कर्ज घेतलं तर व्याज निम्मं. दोघी जणी रागानं गट सोडून गेल्या. एक लग्न आम्ही १०९८ ला कळवून थांबवलं. दुसरं थांबवलं म्हणून खूश होतो, तर ते पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात लागलं. ऊसतोड कामगारांच्या पोरींसाठी शासनाच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत राहण्याची सोय आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहं चालतात. टोळ्या जायच्या आधी, भादव्यातच, मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. आमच्याकडं गेल्या साली पाच पोरी त्यामुळं मागं राहिल्या.

ती पोरगी आता एकोणीस वर्षांची आहे. या वर्षी तिनं दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला. फीचे पैसे गटानं दिले, आणि वहीत यावेळी कारण खरं लिहिलं. गणिताला ती घाबरते. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, आणि तेव्हा तिची आई, सासू दोघीही फडात असणार. म्हणून लेकराला कोणत्या पेपरला कुणी सांभाळायचं, त्याच्या पाळ्या आम्ही आत्ताच लावून ठेवल्यात. गणिताचा दिवस अजून कुणी घेतलेला नाही, कारण त्याच दिवशी तालुक्याला बाजार असतो. पाच तारखेच्या बैठकीत तो ठरवू.